'व्हिलेज / टाउन / सिटी' या रकान्यात नेमकं काय लिहायचं: ग्रामीण विदर्भातल्या अर्जदारांसाठी

शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो, जातीच्या दाखल्यात त्रुटी निघते, पीकविम्याच्या पावतीवर गाव भलतंच दिसतं. कारण शोधत गेलं की पुष्कळदा बोट एकाच रकान्यावर येऊन थांबतं: 'व्हिलेज / टाउन / सिटी'. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रासमोर रांगा लागतात आणि घाईघाईत या रकान्यात कुणी तालुक्याचं नाव टाकतं, कुणी पोस्टाचं, तर कुणी तांड्याचं.

घोळ होतो, कारण बोलताना आपण 'गाव' हा शब्द सगळ्याच ठिकाणांना लावतो. 'गाव कोणतं तुमचं?' या प्रश्नाला अमरावतीचा माणूसही 'अमरावती' असंच उत्तर देतो. इंग्रजीत मात्र व्हिलेज म्हणजे खेडं, टाउन म्हणजे बाजारपेठ असलेलं, त्याहून मोठं ठिकाण आणि सिटी म्हणजे शहर, अशी उतरंड आहे. आपल्याकडच्या फॉर्मवर हे तिन्ही शब्द तिरक्या रेघा देऊन शेजारी बसवलेले असतात. त्याचा अर्थ एवढाच, की तिन्हींपैकी तुम्हाला लागू पडेल त्या एका ठिकाणाचं नाव लिहा.

एक गोष्ट आधी पक्की धरा. तुम्ही स्वतःला कुठले म्हणवता, हे हा रकाना विचारत नाही. तुमचं घर सरकारी यादीत कोणत्या नावाने लागलं आहे, एवढंच तो विचारतो. यादीतलं नाव आधी शोधायचं आणि अर्ज नंतर उघडायचा. हा क्रम उलटला की पुढची सगळी धावपळ वाढते.

तयारी: अर्ज उघडण्याआधी हे समोर ठेवा

घरपट्टीची पावती किंवा नमुना आठचा उतारा, शेती असल्यास सातबारा, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म दाखला. हे सगळे कागद एकाच वेळी समोर हवेत, कारण चुका बहुधा दोन कागदांतल्या फरकातूनच होतात. सोबत एक कोरा कागद घ्या. त्यावर तुमच्या पत्त्याचा एकच पक्का मजकूर उतरवायचा आहे, मराठीत आणि इंग्रजीत. पुढचा प्रत्येक अर्ज त्यावरूनच भरायचा.

टप्पा 1: ग्रामपंचायत की नगरपंचायत, हे आधी ठरवा

घरपट्टी कुणाकडे भरता? ग्रामपंचायतीकडे भरत असाल तर तुमचं ठिकाण व्हिलेज. नगरपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे भरत असाल तर टाउन. महानगरपालिकेकडे भरत असाल तर सिटी. विदर्भात महानगरपालिका चारच आहेत: नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर. लोकसंख्या, बसस्टँड, कॉलेज, पेट्रोलपंप यांवरून ठरवू नका. आठवडी बाजार भरणारं, दहा-बारा हजार वस्तीचं मोठं गावही ग्रामपंचायतीत असेल तर फॉर्मपुरतं ते व्हिलेजच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'नगरपंचायत' या शब्दाला. त्यात 'पंचायत' आहे म्हणून अर्जात 'रूरल' निवडलं जातं. नगरपंचायत ही नागरी संस्था आहे, तिच्या हद्दीतला रहिवासी 'अर्बन' मध्येच येतो. 2014-15 च्या सुमारास राज्यातल्या ग्रामपंचायत असलेल्या बहुतेक तालुका ठिकाणांच्या नगरपंचायती झाल्या. समुद्रपूर, तिवसा, नांदगाव खंडेश्वर, राळेगाव, चामोर्शी, सिरोंचा ही त्यांतलीच. तिथल्या लोकांच्या जुन्या कागदांवर ग्रामपंचायत आहे आणि नव्या पावतीवर नगरपंचायत. अर्जात नवी स्थिती लिहायची.

> सावधान: 'रूरल / अर्बन' चुकलं की घरकुलापासून रोजगार हमीपर्यंत पात्रताच बदलते. ग्रामीण घरकुल आणि शहरी घरकुल या दोन वेगळ्या योजना आहेत, त्यांचे अर्जही वेगळ्या कार्यालयांत जातात. नाव चुकलं तर दुरुस्ती तरी होते. इथे चुकीची खूण पडली तर अर्ज मुळात भलत्याच यादीत जाऊन बसतो.

जनगणनेत आणखी एक प्रकार आहे, 'सेन्सस टाउन'. किमान 5,000 लोकसंख्या, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोक, या तिन्ही अटी पुऱ्या करणारं गाव जनगणनेत टाउन म्हणून मोजलं जातं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. कोळसा खाणींच्या आणि वीज केंद्रांच्या आजूबाजूला अशी गावं आढळतात. कुणी तुम्हाला 'तुमचं गाव तर जनगणनेत टाउन आहे' असं सांगितलं, तरी घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची असेल तर योजनांच्या अर्जात ग्रामीणच लिहा. 'टाउनशिप' या शब्दानेही गोंधळू नका. टाउनशिप म्हणजे वसाहत, आणि ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत असू शकते.

हद्दवाढीची गावं ही वेगळी अडचण आहे. यवतमाळला लागून असलेले लोहारा, वडगाव, वाघापूर हे भाग नगरपरिषदेत आले. तिथे घराचा पत्ता लिहिताना टाउन म्हणून यवतमाळ आणि लोहारा हा 'एरिया / लोकॅलिटी'च्या रकान्यात. जमिनीच्या कागदावर मात्र मौजा (म्हणजे महसुली गाव) लोहारा तसाच राहतो. दोन्ही बरोबर आहेत, जागा तेवढ्या वेगळ्या आहेत.

टप्पा 2: नाव पूर्ण आणि यादीत आहे तसंच घ्या

विदर्भात एका नावाची अनेक गावं आहेत. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) आहे आणि सिंदी (मेघे)सुद्धा. पहिली नगरपरिषद, दुसरी ग्रामपंचायत. नुसतं 'सिंदी' लिहिणाऱ्याचा कागद कुठेही जाऊ शकतो. कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे तर दोन्ही अमरावती जिल्ह्यात. अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी दोन्ही गोंदियात. आष्टी वर्ध्यातही आहे आणि बीडमध्येही, कळंब यवतमाळातही आहे आणि धाराशिवमध्येही. कंसातला किंवा जोडीचा शब्द हा नावाचाच भाग आहे, तो गाळायचा नाही.

हीच गोष्ट 'बु.' आणि 'खु.' यांची. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, आणि दोन्ही वेगळी महसुली गावं असतात. बोलताना आपण 'पिंपळगावले जातो' म्हणतो, बुद्रुक-खुर्द कुणी म्हणत नाही. अर्जात मात्र तेच लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'माल', 'चक', 'तुकूम' हे शब्द नावाला जोडलेले असतात, त्यांनाही हाच नियम.

'रिठी' असलेलं नाव दिसलं तर थांबा. रिठी म्हणजे महसुली दप्तरात गाव आहे, शेतं आहेत, पण वस्ती उठून गेलेली आहे. रिठी गावात तुमचं शेत असू शकतं, राहण्याचा पत्ता सहसा असू शकत नाही. यादीत 'खापरी' आणि 'खापरी रिठी' अशी दोन नावं एकाखाली एक आली, की माउस हमखास चुकीच्या ओळीवर पडतो.

नाव कुठे तपासायचं? महाभूलेखच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन सातबाराच्या, संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका निवडला की त्या तालुक्यातली महसुली गावं मराठीत उघडतात. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे जिल्हे अमरावती विभागात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली नागपूर विभागात. इंग्रजी नाव पाहायला केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' आहे. तिथे प्रत्येक गावाला सहा अंकी कोड असतो. तो तुमच्या कोऱ्या कागदावर उतरवून ठेवा. एकाच नावाची शंभर गावं असली तरी कोड एकाच गावाचा असतो, आणि कार्यालयात वाद पडला तर तोच पुढे करता येतो.

> पडताळा: महाभूलेखमधलं मराठी नाव, डिरेक्टरीतलं इंग्रजी नाव आणि घरपट्टीच्या पावतीवरचं नाव एकाच ठिकाणाचं आहे का? पावतीवर गट ग्रामपंचायतीचं नाव असेल तर ते तुमच्या गावाचं असेलच असं नाही. दोन-तीन गावं मिळून एक ग्रामपंचायत असते आणि तिचं नाव त्यांतल्या एकाच गावावर ठेवलेलं असतं.

टप्पा 3: तांडा, पोड, टोला, बेडा यांची जागा

बंजारा तांडा, कोलामांचं पोड, पारध्यांचा बेडा, मेळघाटातला ढाना, पूर्व विदर्भातला टोला किंवा टोली, जिवती-कोरपण्याकडचा गुडा: या वस्त्यांना त्यांचं नाव आहे, देव आहे, बहुतेक ठिकाणी शाळाही आहे. राहणाऱ्यांसाठी तेच गाव. महसुली यादीत मात्र यांतल्या बऱ्याच वस्त्या मुख्य गावाखाली मोडतात, तर काही आता स्वतंत्र गावं झाल्या आहेत. म्हणून गृहीत धरायचं नाही, टप्पा 2 मधल्या यादीत शोधायचं.

वस्तीचं नाव यादीत असेल तर तेच व्हिलेज. नसेल तर व्हिलेजच्या रकान्यात महसुली गाव आणि वस्तीचं नाव 'एरिया / लोकॅलिटी' किंवा 'लँडमार्क'मध्ये. वस्तीचं नाव सोडून देऊ नका. पोस्टमन, पोलीस पाटील, चौकशीला आलेला कर्मचारी यांना घर त्या नावानेच सापडतं. वस्तीचं नाव कागदोपत्री टिकणं पुढे रस्ता, वीज, स्वतंत्र महसुली दर्जा मागतानाही कामी येतं, म्हणून मी तर प्रत्येकाला ते आग्रहाने लिहायला सांगतो.

धरणग्रस्तांचं जरा बारकाईने पाहावं लागतं. गोसेखुर्द, बेंबळा, निम्न वर्धा या प्रकल्पांत उठलेली गावं नव्या जागी वसली तेव्हा नवं गावठाण पुष्कळदा दुसऱ्याच मौजाच्या जमिनीवर आलं. घराचा पत्ता, मतदार यादी आणि जुन्या शेताचा उतारा अशी तीन ठिकाणी तीन नावं निघू शकतात. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून रहिवासी दाखला घेताना त्यात जुनं आणि नवं, दोन्ही गावांचा उल्लेख मागून घ्या.

टप्पा 4: पोस्ट आणि पिन कोड

'पोस्ट' हा रकाना वेगळा आहे आणि तिथे गावाचं नाव लिहायचं नसतं, गावाला टपाल ज्या कचेरीतून येतं तिचं नाव लिहायचं असतं. गावात पोस्ट असेल तर दोन्ही नावं सारखी. नसेल तर वेगळी. 'मु. पो.' असं एकत्र लिहायच्या सवयीमुळे ही चूक होते. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. 'मु. पो. अमुक' हे फक्त पोस्ट असलेल्या गावालाच लागू पडतं. बाकीच्यांनी 'मु. अमुक, पो. तमुक' असं लिहावं.

पिन कोड सहा अंकी. विदर्भाचे पिन 440 ते 445 या तीन आकड्यांनी सुरू होतात. बुलढाण्याचे 443 किंवा 444 ने, यवतमाळचे 445 ने. तुमचा पिन या पट्ट्याबाहेरचा निघाला तर कुठेतरी अंक उलटसुलट झाला आहे. पिन पोस्टाच्या वाटणीप्रमाणे पडतो, तालुक्याच्या सीमेप्रमाणे नाही. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या पोस्टाचा पिन तुमच्या गावाला असू शकतो, आणि तो बरोबरच असतो. तालुका मात्र महसुली नोंदीतलाच लिहायचा.

आधारच्या नोंदणीत हे फार महत्त्वाचं ठरतं. आधारच्या पत्त्यात 'व्हीटीसी' असं छापलेलं दिसतं, ते व्हिलेज-टाउन-सिटी याचंच लघुरूप. केंद्रावर पिन टाकला की त्या पिनखालची गावं समोर येतात. पिन चुकला की तुमचं गाव यादीत दिसतच नाही, आणि मग ऑपरेटर 'हे जवळचं टाकू का?' असं विचारतो. नाही म्हणा. पोस्ट खात्याच्या पिन शोधायच्या पानावर आपलं पोस्ट आधी घरूनच पाहून घ्या आणि पिन कागदावर लिहून न्या.

टप्पा 5: तालुका, ब्लॉक, सब-डिस्ट्रिक्ट, सब-डिव्हिजन

'तालुका', 'तहसील', 'सब-डिस्ट्रिक्ट' या तिन्हींचं उत्तर एकच, तुमचा तालुका. 'ब्लॉक' म्हणजे पंचायत समितीचं क्षेत्र, आपल्याकडे तेही तालुक्याच्याच नावाचं. 'सब-डिव्हिजन' मात्र वेगळं. तो उपविभागीय अधिकाऱ्याचा, म्हणजे एसडीओ साहेबांचा उपविभाग, आणि त्यात एकाहून जास्त तालुके असू शकतात. जातीचा दाखला बहुधा याच कार्यालयातून निघतो, म्हणून आपला तालुका कोणत्या उपविभागात आहे हे तहसीलमध्ये विचारून कागदावर लिहा.

'सर्कल' आला तर महसूल मंडळाचं नाव. पीकविम्यात नुकसान बहुतेक पिकांसाठी मंडळावरूनच ठरतं. पूर्व विदर्भातल्या कागदांवर 'प. ह. नं.' दिसतो, तो पटवारी हलका नंबर, म्हणजे तलाठ्याच्या सज्जाचा क्रमांक. पासपोर्टच्या अर्जात पोलीस ठाणंही विचारतात. ते तालुक्याच्याच ठिकाणी असेल असं समजू नका, पोलीस पाटलांना विचारा.

टप्पा 6: फॉर्म नेमकं कोणतं गाव विचारतो आहे?

इथपर्यंत तुमचा राहण्याचा पत्ता पक्का झाला. आता फॉर्मवरचं शीर्षक नीट वाचा. 'व्हिलेज / टाउन' हा रकाना एका अर्जात तीन-चार वेळा येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच असेल असं नाही.

*राहण्याचं गाव.* 'प्रेझेंट' म्हणजे सध्याचं, 'पर्मनंट' म्हणजे कायमचं. वसतिगृहात राहणाऱ्या पोरापोरींनी सध्याचा पत्ता शहराचा आणि कायमचा घरचा लिहावा. दोन्हीकडे एकच टाकण्याची चौकट आयती टिक केलेली असते, ती आधी काढा.

*शेताचं गाव.* शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, पीकविमा यांत सातबारावरचं गाव लागतं, घराचं नाही. शेत शिवेपलीकडे शेजारच्या मौजात असेल, तर ई-पीक पाहणीत तेच गाव निवडावं लागतं. घराचं गाव निवडून खातं शोधत बसाल तर नाव सापडणार नाही, आणि नोंदणीची मुदत मात्र निघून जाईल. दोन मौजांत शेत असेल तर दोन्ही गावांखाली वेगवेगळी नोंद.

*जन्माचं गाव.* बाळंतपण जिथे झालं ते. जन्माची नोंद जन्म झालेल्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, आईबाप राहतात तिथे नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात झालेल्या बाळाचं जन्मस्थळ सेवाग्राम, मग घर आर्वी तालुक्यात असो की हिंगणघाट तालुक्यात. सावंगी (मेघे) इथल्या दवाखान्याचंही तसंच. लोक सवयीने 'वर्धा' लिहून मोकळे होतात. जन्म दाखल्यावर जे छापलं आहे तेच लिहा. शाळेच्या दाखल्यावर वेगळं असेल तर शाळेत नाव असतानाच ते दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ते काम फार लांबतं.

*मूळ गाव.* 'नेटिव्ह प्लेस' किंवा 'होम टाउन' असं विचारलं तर घराण्याचं कायमचं गाव. 'होम टाउन' मध्ये टाउन आहे म्हणून जवळचं शहर लिहायचं नसतं. इंग्रजीत 'होम टाउन' खेड्यालाही म्हणतात. सरकारी नोकरीतल्यांच्या सेवापुस्तकात ही नोंद राहते आणि गावी जाण्याची प्रवास सवलत तिच्यावर ठरते, तेव्हा ती विचार करून भरावी.

टप्पा 7: जातीच्या दाखल्यातलं गाव

हा टप्पा वेगळा काढला, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. जातीच्या दाखल्यात तुमचं आजचं गाव दुय्यम असतं. तुमचे पूर्वज ठरावीक तारखेला कायमचे कुठे राहत होते, ते गाव मुख्य असतं. त्या तारखा अशा:

- अनुसूचित जाती: 10 ऑगस्ट 1950
- अनुसूचित जमाती: 6 सप्टेंबर 1950
- विमुक्त जाती व भटक्या जमाती: 21 नोव्हेंबर 1961
- इतर मागासवर्ग: 13 ऑक्टोबर 1967

वडील नोकरीसाठी हिंगण्याला आले आणि तुमचा जन्म तिथलाच असला, पण आजोबा त्या तारखेला पुसद तालुक्यातल्या गावात होते, तर अर्ज पुसदच्या उपविभागाकडे जातो आणि मूळ गावाच्या रकान्यात तेच गाव येतं. लग्न होऊन आलेल्या बाईच्या बाबतीत सासरचं गाव इथे चालत नाही, माहेरच्या वडील-आजोबांचं गाव लागतं.

जुने पुरावे हाती आले की जिल्ह्यांची नावं जुळत नाहीत आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरमधून, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. चंद्रपूरचं जुन्या कागदांवरचं नाव चांदा. तालुकेही फुटले, साकोलीतून लाखनी निघाला, राजुऱ्यातून जिवती. 1956 च्या 1 नोव्हेंबरआधी तर विदर्भाचा बहुतेक भागच मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर किंवा कोतवाल बुकाच्या (गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या) नकलेवर मध्य प्रदेश असं येऊ शकतं.

> सावधान: एवढ्यावरून अर्जात 'दुसऱ्या राज्यातून स्थलांतरित' अशी खूण करू नका. घर हललं नाही, राज्याची सीमा हलली. मूळ गावाच्या रकान्यात गावाचं आजचं नाव, आजचा तालुका, आजचा जिल्हा लिहा. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात 'जुन्या अभिलेखात तालुका अमुक, जिल्हा तमुक असा उल्लेख आहे' एवढं एक वाक्य घाला.

टप्पा 8: इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा

वडगाव 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने? मधला 'ड' इंग्रजी 'डी'ने की 'आर'ने? वाशीम, बुलढाणा, गोंदिया, यवतमाळ या जिल्ह्यांचीही इंग्रजीत दोन-दोन रूपं चालत आलेली आहेत. कोणतं शुद्ध यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नव्या अर्जात डिरेक्टरीतलं स्पेलिंग घ्या. आधारवर वेगळं असेल आणि अर्ज आधारशी जोडलेला असेल, तर यंत्रणा आधारवरूनच माहिती ओढते. तेव्हा दुरुस्ती आधारपासूनच सुरू करावी लागते.

टप्पा 9: आता अर्ज भरा

तुमच्या कागदावर आतापर्यंत असं काहीतरी उतरलेलं असेल. गाव कल्पित आहे, रचना पाहा:

- वस्ती: सेवानगर तांडा
- व्हिलेज: पिंपळगाव बुद्रुक (सोबत सहा अंकी कोड)
- ग्रामपंचायत: गट ग्रामपंचायत वडगाव
- पोस्ट: वडगाव, पिन सहा अंकी
- तालुका व ब्लॉक: दिग्रस
- जिल्हा: यवतमाळ
- शेताचा मौजा: खापरी रिठी
- जन्मस्थळ: यवतमाळ
- मूळ गाव: पिंपळगाव बुद्रुक

अर्ज भरताना वरून खाली जा: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. मध्येच जिल्हा बदलला तर खालचं निवडलेलं गाव पुसलं जातं किंवा यादीतलं पहिलंच नाव तिथे येऊन बसतं. यादी वर्णानुक्रमाने असल्यामुळे 'अ'ने सुरू होणाऱ्या गावांच्या माथी असे कितीतरी परके अर्ज पडतात.

गाव यादीत नाही असं दिसलं, तर या क्रमाने तपासा. तालुका नवा की जुना निवडला आहे? पुढचा-मागचा शब्द, म्हणजे बुद्रुक, माल, चक, हा आधी लावलेला आहे का? ('चक पिपरी' शोधताना 'प'खाली पाहिलं तर सापडत नाही, 'च'खाली पाहावं लागतं.) गाव आता नगरपंचायतीत गेलं आहे का? इंग्रजी यादीत 'डब्ल्यू'खाली पाहिलं का? एवढं करूनही नसेल तर शेजारचं गाव निवडू नका. तहसीलच्या किंवा पंचायत समितीच्या संगणक कक्षात कोड दाखवून विचारा आणि अर्ज 'ड्राफ्ट'मध्ये ठेवा.

> पडताळा: 'सबमिट' दाबण्याआधी 'प्रिव्ह्यू' उघडा आणि गाव, तालुका, जिल्हा, पिन मोठ्याने वाचा. ऑपरेटर भरत असेल तर स्क्रीन तुमच्याकडे वळवून मागा. हा तुमचा हक्क आहे, त्याच्यावर अविश्वास नव्हे.

टप्पा 10: चूक राहूनच गेली तर

पावतीची छापील प्रत त्याच दिवशी वाचा. बऱ्याच योजनांत दुरुस्तीसाठी ठरावीक दिवस खिडकी उघडी असते, ती गेली की नव्याने अर्ज करावा लागतो.

दुरुस्ती मुळापासून करायची. जन्म दाखल्यातली चूक जिथे नोंद झाली त्या निबंधकाकडे. गावात नोंद झाली असेल तर ग्रामपंचायतीतच. नंतर शाळा, नंतर आधार, आणि शेवटी योजनेचा अर्ज. पुष्कळ लोक उलट करतात, आधी योजनेतलं नाव बदलून घेतात. आधारमध्ये जुनंच राहिलेलं असतं आणि पुढच्या वर्षीच्या पडताळणीत तेच अडखळतं.

आधारचा पत्ता बदलायला पुरावा नसेल, तर आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र सरपंचांकडून किंवा ग्रामपंचायत सचिवांकडून सही-शिक्क्यासह घेता येतं. त्यावर फोटो लावून त्यावरून आडवा शिक्का मारावा लागतो, आणि तारखेपासून तीन महिन्यांच्या आत ते वापरावं लागतं. कोऱ्या लेटरहेडवर लिहून आणलेलं केंद्रावर घेत नाहीत, म्हणून नमुना आधी छापून न्या आणि गावाचं नाव त्यात तुमच्या कागदावरून स्वतः भरा. सही झाल्यावर खाडाखोड केली तर ते बाद होतं.